राजेश्रीचा मुहूर्त

दिवाळीच्या पाडव्याला त्रिवेणीचा पुण्याहून फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर तिनं सहज विचारलं, "मग, तुझे हंस बघायला आम्ही कधी येऊ?" आणि तेव्हापासून राजेश्रीच्या जिवाला जो घोर लागला, तो जानेवारी संपेपर्यंत काही सुटला नाही.

हंसांचं असं होतं. राजेश्रीचं सासर राणीसावरगावच्या बाजूला, तलावाच्या फुगवट्याला लागून. पावसाळ्यात पाणी पार बाभळीच्या बुंध्यापर्यंत चढायचं आणि दिवाळीनंतर हळूहळू उतरायला लागलं की खालची काळीभोर गाळाची जमीन उघडी पडायची. ह्या जमिनीला गाळपेर म्हणतात. तिला ना फार नांगरट लागते ना पाणी. नुसत्या ओलीवर हरभरा तरारून येतो. आणि तो चार बोटं वर आला की हिमालयापलीकडून हे पक्षी उतरतात. राखी अंग, पांढरं डोकं, डोक्याच्या मागं काजळाची बोटं ओढावीत तसे दोन काळे पट्टे. त्रिवेणीनं पुस्तकात बघून त्यांचं नाव पट्टकादंब असं सांगितलं होतं. बालाजी, म्हणजे राजेश्रीचा नवरा, त्यांना हंस म्हणायचा. सासू कडूबाई मात्र सरळ बदकं म्हणायची, आणि तेही दात खाऊन, कारण ती बदकं हरभरा खायची.

मागच्या हिवाळ्यात राजेश्रीनं एका सकाळी त्यांचा थवा मोबाईलवर टिपून कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. त्रिवेणी ही परभणीच्या होस्टेलात तिच्याच खोलीत राहिलेली, गंगाखेडच्या कापडवाल्या गुरुपादअप्पांची लेक. आता पुण्यात बँकेत होती. तिनं तो व्हिडिओ वडिलांना दाखवला. दुकान बंद करून लेकीकडं राहायला गेल्यापासून अप्पांचं मन कशात लागत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसायचं, खालच्या गाड्या बघायच्या, आणि जेवायला हाक आली की उठायचं. तो व्हिडिओ मात्र त्यांनी परत परत लावायला सांगितला. "सगळा जन्म गंगाखेडात काढला," ते म्हणाले, "चार कोसावर हे येतेत, अन् आपल्याला कापड मोजण्यातून मान वर करायला फुरसत झाली न्हाई." मग त्रिवेणीनं ठरवूनच टाकलं, यंदा अप्पांना घेऊन जायचं.

आता 'कधी येऊ' ह्याचं उत्तर दुसऱ्या कुणी चुटकीसरशी दिलं असतं. पण राजेश्रीचं नि वेळेचं लहानपणापासून वाकडं. पेडगावला, म्हणजे तिच्या माहेरी, ती आठ-नऊ वर्षांची असताना परभणीत सर्कस आली होती. तिनं आठवडाभर रडून वडिलांना तयार केलं, अख्खं घर नटून थटून एस.टी.नं परभणीला गेलं, तर सर्कशीनं त्याच सकाळी मुक्काम हलवलेला. मैदानात खुंट्यांची भोकं आणि हत्तीची लेंडकं. पुढं डी.एड. केलं, तर मास्तरांची भरतीच बंद पडली. लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी वारावावधान सुटलं आणि मांडव शेजारच्या उसात जाऊन पडला. तेव्हापासून भावांनी शब्दच काढला: राजेश्रीचा मुहूर्त. घरात दूध नासलं, गाडी चुकली, लाइट गेली, की कुणीतरी म्हणायचंच. बालाजीनं सासुरवाडीहून लग्नात काय आणलं असेल तर हा शब्द आणला आणि मोठ्या आवडीनं वापरला. राजेश्रीही हसायची. पण हसता हसता आत कुठंतरी तिला ते खरंच वाटायला लागलं होतं.

त्यात हे साल आडमुठं निघालं. पाऊस भादव्यात थांबायचा तो दसऱ्यापर्यंत कोसळत राहिला. तलाव काठोकाठ भरला. पाणी उतरायलाच तयार नाही, म्हणजे गाळ उघडा पडणार नाही, हरभऱ्याची पेर लांबणार, आणि हंस येऊन करणार काय? राजेश्रीनं बोटं मोडत, कॅलेंडर बघत, शेवटी छातीवर दगड ठेवून सांगितलं, "संक्रांतीनंतर या." त्रिवेणीनं सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला जोडून तिकिटं काढली आणि फोनवर टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून राजेश्रीचा नेम सुरू झाला. सकाळी शेणकूर आटोपलं, चुलीवर पाणी ठेवलं, की ती बाभळीपर्यंत जाऊन तलावाकडं बघून यायची. सगळा मार्गशीर्ष पाण्यावर नुसत्या पाणकोंबड्या. पौषात एकदा सात-आठ हंस लांबच्या उंचवट्यावर दिसले, तर ती चप्पल हातात घेऊन पळत घरी आली. दुसऱ्या दिवशी तेही नव्हते.

"आले का गं?" बालाजी दात घासता घासता विचारायचा.

"येतेत."

"पाव्हण्यांची गाडी आधी येती का हंस आधी येतेत, बघू. न्हाईतर आपला मुहूर्त हायेच."

कडूबाई चुलीपुढून बोलायची, "न्हाई आली तर बरंच झालं म्हन की. हरभरा तरी राहील. बदकं बघायला पुन्याहून माणसं यायलेत! पुन्यात बघण्यासारखं काही ठिवलं न्हाई का?"

त्रिवेणी दर दोन दिवसांनी विचारायची आणि राजेश्री दर वेळी "वाट बघायलाव" एवढंच सांगायची. खोटं बोलवत नव्हतं, खरं सांगवत नव्हतं. तिला जेवण जाईना. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि भाकरीला चिरा पडायच्या. शेवटी भोगीच्या आधी तिनं मनाचा हिय्या केला, की आता सांगून टाकायचं, येऊ नका. फोन लावला, तर तो उचलला अप्पांनी.

"राजेश्री का? बोल, पोरी. अगं, मी बूट घेतले की नवे. त्रिवेणी म्हणाली चिखलात चालावं लागतंय. कालपासून घरातच घालून हिंडायलाव, म्हणजे चावायचे न्हाईत."

राजेश्रीनं "बरं केलं, अप्पा, थंडीचं बघून या," एवढं म्हणून फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून बसली.

आणि भोगीच्या सकाळी ते आले.

ती बाजरीची भाकरी तव्यावर टाकत होती. आधी आवाज आला, लांबून, नाकातून आंग आंग केल्यासारखा. तिनं तवा तसाच सोडला. बाहेर आली तर आभाळात एकामागं एक तिरक्या रांगा, तलावावर येऊन मोडायच्या आणि पाण्याच्या कडेला उतरायच्या. ती मोजायला लागली आणि तिचं मोजणं हुकलं. मागं भाकरी जळाल्याचा वास सुटला, कडूबाई ओरडली, पण राजेश्रीला तो जळका वासही बरा वाटला.

तिचं सुख मात्र दोन दिवसांतच आटलं.

गाळपेरीत त्यांच्या तुकड्याला लागून आबासाहेबांचा मोठा पट्टा होता. आबासाहेब गावातले जुने बागायतदार, शब्दाचे पक्के, पण हेकट. त्यांचा हरभरा दाट, पाण्याच्या अगदी कडेला. हंस तिथंच उतरायचे. आणि उजाडलं की आबासाहेबांचा गडी सुतळी बॉम्ब लावायचा. धाडकन आवाज झाला की सगळा थवा उठायचा आणि पार पलीकडच्या तीराला, डोळ्यांना ठिपके दिसावेत एवढ्या लांब जाऊन बसायचा. दिवसभर पुन्हा इकडं फिरकायचा नाही.

राजेश्रीनं सलग तीन सकाळी हेच बघितलं. पाहुणे यायच्या रविवारीही असंच झालं तर अप्पांनी बूट घालून यायचं, धूर बघायचा आणि परत जायचं.

तर मग आबासाहेबांना सांगायला पाहिजे. पण सांगणार कोण? दोन वर्षांमागं बालाजीनं मोटारीचा पाईप त्यांच्या बांधावरून नेला होता आणि त्यांनी तो उपसून फेकला होता. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. रस्त्यात समोर आले तर दोघंही आभाळाकडं बघत जायचे. बालाजी तर साफ म्हणाला, "मी त्या म्हाताऱ्याच्या दारात जाणार न्हाई. तुला जायचं तर जा."

संक्रांतीचे दिवस होते, तेवढा एक आधार. राजेश्रीनं डब्यात तिळगूळ घातला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गेली. आबासाहेबांची बायको, कुसुमबाई, अंगणात तूर पाखडत होती. तिनं सुपातून मान वर केली आणि काही न विचारता पाट सरकवला.

"काकू, तिळगूळ घ्या. आबा हायेत का?"

आबासाहेब ओसरीवरच होते. त्यांनी तळहात पुढं केला, तिळगूळ तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाले, "आता बोल. नुसत्या तिळगुळासाठी तू यायची न्हाईस."

राजेश्रीनं सांगितलं. सांगताना तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते. मैत्रीण, तिचे म्हातारे वडील, पुण्याची तिकिटं, रविवारची सकाळ, फटाके.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी बघणार तुमचे पाव्हणे, अन् खाणार माझा हरभरा."

"एकच सकाळ, आबा."

"एका सकाळी किती खातेत ते म्हाईत हाय का तुला? तुमचा तुकडा बाभळीकडं हाय, विरळ उगवलेला. तिकडं जातच न्हाईत ते. सगळी धाड माझ्यावर. अन् मी गप बसून बघू?"

माणूस बोलत होता ते खरं होतं. ती नुसती डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली. तेव्हा अंगणातून कुसुमबाईचा आवाज आला, "द्या की तिला एक सकाळ. दोन सालानं कुणीतरी त्या घरचं दारात आलंय."

आबासाहेबांनी डब्यातून आणखी एक तिळगूळ उचलला. मग म्हणाले, "ठीक. रविवारी माझ्या रानात फटाका वाजणार न्हाई. झालं?"

"झालं, आबा," राजेश्री म्हणाली आणि त्यांचं मन बदलायच्या आत पळाली. बांधावर आल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस इतक्या सहज कबूल झाला कसा? पण आता परत जाऊन विचारायची सोय नव्हती.

पाहुणे शनिवारी गंगाखेडला उतरले, नातलगांकडं जेवले आणि दुपार कलल्यावर बालाजीनं त्यांना जीपनं आणलं. त्रिवेणी, तिचा नवरा शिवकांत, तिच्या बँकेतल्या दोघी, आणि गुरुपादअप्पा. अप्पांच्या कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात पांढऱ्या वस्त्रात बांधलेलं इष्टलिंग, पायात ते बूट. त्यांनी उतरल्या उतरल्या गुडघ्यावर हात ठेवून मातीचा एक मोठा वास घेतला आणि म्हणाले, "हरभऱ्याला आंब धरलीय. आंबट वास यायलाय."

जेवणं झाली. उद्या कधी निघायचं ते राजेश्री सांगायला लागली, की तांबडं फुटायच्या आत आडोशाला जाऊन बसायचं, हंस उजाडता उजाडता येतात. बालाजीनं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आडोसा बांधून ठेवला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पा म्हणाले, "माझी पूजा झाली की निघू."

त्रिवेणी म्हणाली, "अप्पा, एक दिवस आल्यावर करा ना."

"पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत न्हाई, ते तुला ठाऊक हाय. अन् घाईची पूजा मला जमत न्हाई." ते रागानं बोलले नाहीत, दुकानात कापडाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग राजेश्रीच्या चेहऱ्याकडं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. "असं करू," ते म्हणाले, "आंघोळ इथं करतो, पूजेला तिथं बसतो. देवाला काय, रान चालतंय. पण एकदा लिंग हातावर घेतलं की मी बोलणार न्हाई, अन् मान वळवणार न्हाई. मग वरून हत्ती गेला तरी."

आता वेळेवर येणं हंसांच्या हातात, फटाके आबासाहेबांच्या हातात, आणि मान अप्पांच्या हातात. राजेश्रीच्या हातात काहीच नव्हतं.

सकाळी सगळे आडोशाला जाऊन बसले. धुई पडली होती. बालाजीनं अप्पांसाठी घोंगडी अंथरली. अप्पांनी भस्म लावलं, वस्त्राची गाठ सोडली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, हात डोळ्यांसमोर धरला आणि स्थिर झाले. उजाडायला लागलं. राजेश्रीचे कान आबासाहेबांच्या रानाकडं लागलेले. धडाका आला नाही. ती श्वास सोडणार, तेवढ्यात धुई पातळ झाली आणि तिला ते दिसलं.

आबासाहेबांच्या सगळ्या पट्ट्याभोवती काठ्या रोवल्या होत्या आणि काठीकाठीला कुसुमबाईची जुनी लुगडी बांधली होती. लाल, हिरवी, जांभळी. मधोमध आबासाहेबांचा जुना कोट घातलेलं बुजगावणं. वाऱ्यावर सगळं फडफडत होतं.

"इमानाला जागला म्हातारा," बालाजी तोंडावर हात दाबून हसायला लागला. "फटाका न्हाई म्हणला, न्हाई वाजवला."

राजेश्रीला हसू आलं नाही. तिला परभणीच्या मैदानातली ती खुंट्यांची भोकं आठवली.

पाण्याकडून आवाज आला. आंग, आंग. मग रांगा दिसल्या, एक, दोन, आणखी. नेहमीसारख्या त्या आबासाहेबांच्या हरभऱ्यावर आल्या, खाली झुकल्या, आणि लुगडी फडफडताच पुढचा पक्षी झटक्यानं वळला. सगळा थवा त्याच्यामागं वळला आणि पलीकडच्या तीराकडं तोंड करून निघाला. त्रिवेणीनं राजेश्रीचा दंड धरला. राजेश्रीनं डोळे मिटून घेतले. गेले, ती मनात म्हणाली. गेले.

"अगं, बघ!"

तिनं डोळे उघडले. थवा पाण्यावर जाऊन मोठा वळसा घेत होता. तो परत फिरला, बाभळीच्या अंगानं खाली आला, पंख ताणले, नारिंगी पाय पुढं सोडले, आणि आडोशाच्या पुढ्यातच, खडा मारला तर लागेल एवढ्या जवळ, एकेक करून उतरायला लागला. बघता बघता जमीन राखाडी झाली. मागून आणखी येतच होते. शिवकांतनं कॅमेरा डोळ्याला लावला होता त्याचं बटण दाबायचंच विसरला.

राजेश्रीला रडू आलं. मग हंसांनी माना खाली घातल्या आणि करकर असा बारीक आवाज सुरू झाला, चारी बाजूंनी, गुरांच्या दावणीत येतो तसा. आणि तिच्या ध्यानात आलं की हे जे खाताहेत, तो आपलाच हरभरा आहे.

"अप्पा," त्रिवेणी कुजबुजली, "अप्पा, बघा ना."

अप्पांची नजर तळहातावरून हलली नाही. पापणीसुद्धा नाही.

राजेश्रीनं मागं वळून बघितलं. पाऊलवाटेनं कडूबाई येत होती. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात चहाची किटली. ती बाभळीपाशी आली, थबकली, रानाकडं बघितलं. किटली खाली ठेवली. पाटी उतरवली. बाभळीच्या फांदीला पाखरं हाकायचा तेलाचा रिकामा डबा टांगलेला असायचा, तो काढला.

राजेश्री वाकून, जवळजवळ रांगतच बांधाआडून पळाली आणि तिनं सासूचा हात धरला.

"सोड मला," कडूबाई फुत्कारली. "डोळ्यादेखत खायलेत की गं!"

"आत्याबाई, पाया पडते. जरा दम धरा."

"बघितलं न्हवं पाव्हण्यांनी? बघितलं. आता मी हाकलते."

"अप्पांनी न्हाई बघितलं अजून."

"कामून? डोळे न्हाईत का त्यांना?"

"पूजेला बसलेत."

कडूबाईनं आडोशाकडं बघितलं. घोंगडीवर पाठीचा कणा सरळ ठेवून बसलेला म्हातारा, डोळ्यांसमोर धरलेला तळहात. तिचा डब्यावरचा हात सैल पडला.

"आता गं माय," ती म्हणाली, "मानूस पूजेला बसल्यावर डबा कसा बडवू? पूजा मोडू ने." आणि ती डबा मांडीवर घेऊन बांधावर मट्‌कन बसली.

असा तो वेळ गेला. किती गेला ते राजेश्रीला कधीच सांगता आलं नाही. शेजारी कडूबाई पुटपुटत होती. "तो बघ, तो जाड्या, एकाच जागी खायलाय. गेलं ते सगळं झाड. अन् ते पोर बघ, उपटायलंय नुसतं." राजेश्रीला वाटायचं, अप्पांची पूजा लवकर संपावी. लगेच वाटायचं, ती संपली की डबा वाजणार, मग न संपलेली बरी. लांब रस्त्यानं एक मोटारसायकल गेली आणि सगळ्या माना एकदम ताठ झाल्या, तिच्याही. मोटारसायकल गेली. माना खाली गेल्या. करकर पुन्हा सुरू.

शेवटी अप्पांनी लिंग डोळ्यांना लावलं, वस्त्रात ठेवलं, सावकाश गाठ मारली आणि मान वर केली.

नमस्काराला जोडलेले हात तसेच राहिले. त्यांची नजर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. त्रिवेणी हंसांकडं बघायचं सोडून त्यांच्याकडंच बघत होती. मग त्यांनी बालाजीला हळूच विचारलं, "हरभरा कुणाचा हाय?"

"आपलाच हाय, अप्पा."

अप्पांनी वळून बघितलं. बांधावर कडूबाई डबा घेऊन उभी राहिली होती.

"झाली का पूजा?" तिनं विचारलं.

"झाली, बाई."

"मावशी, थोडं थांबा ना," त्रिवेणी कळवळून म्हणाली. "अप्पांनी आत्ताच तर बघितलं."

"न्हाई, त्रिवेणी," अप्पा म्हणाले. "कुणाच्या दुकानात गुरं शिरली तर आपण बघत बसू का? वाजवा, बाई. तुमी लय थांबलात."

कडूबाईनं डबा बडवला. असा बडवला की सकाळभरचा सगळा राग त्यात आला. आणि सगळं रान उठलं. पंखांच्या वाऱ्यानं आडोशाचा कडबा सळसळला. शेकडो पक्षी एकदम ओरडत, एकमेकांना चुकवत, अगदी डोक्यावरून गेले, इतके खालून की त्यांच्या पोटाची पांढरी पिसं आणि आखडून घेतलेले पाय दिसले. अप्पा मान मागं टाकत गेले, टाकत गेले, शेवटी टोपी पडली आणि बालाजीनं पाठीला हात लावला म्हणून ते स्वतः पडले नाहीत. ते लहान पोरासारखे हसत होते. कडूबाई डबा बडवता बडवता थांबली आणि तीही वर बघत राहिली.

चहा निवला होता. तोच सगळे प्याले. भाकरी-ठेचा रानातच खाल्ला. मग कडूबाई उठली आणि वाफ्यात शिरली. म्हातारी वाकून वाकून बघत गेली, चार झाडं हातात घेतली, परत आली.

"वरच्या अंगाचे शेंडे खुडलेत नुसते. ते फुटंल. पाण्याकडचं मुळासकट गेलं." ती राजेश्रीकडं बघून म्हणाली. मग अप्पांपुढं भाकरी सरकवत, "घ्या की आणखी. पूजेनं भूक लागती."

पाहुणे गेले. जाताना अप्पांनी राजेश्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण जीप सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे राजेश्रीला जाग आली ती आंग आंगनं. तिनं धावत जाऊन बघितलं. आबासाहेबांची लुगडी अजून फडफडत होती आणि थवा पुन्हा राजेश्रीच्या घरच्याच हरभऱ्यावर उतरत होता. आता कुणी पाहुणे नव्हते. तिनं बाभळीचा डबा काढला आणि ज्यांच्यासाठी तीन महिने अन्न गोड लागलं नव्हतं, त्यांच्यावर स्वतःच्या हातानं बडवत सुटली.

डब्याचा आवाज ऐकून आबासाहेब बांधावर आले. बालाजीही आला. दोघं दोन बाजूंना उभे. आबासाहेबांनी पाण्याकडच्या मोकळ्या पडलेल्या जागेकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला.

"सगळे तुमच्याकडं वळले व्हय?"

"वळले की," बालाजी म्हणाला. दोन वर्षांतला त्यांचा हा पहिला शब्द.

"मग माझी लुगडी काढू का? म्हंजी वाटून तरी खातील."

बालाजी हसला. आबासाहेबही हसले, पण लगेच खोकल्यात लपवलं. लुगडी काही त्यांनी काढली नाहीत. दुपारी कुसुमबाईनं आणखी दोन जुनी लुगडी राजेश्रीकडं पाठवून दिली. पाईपचा विषय मात्र कुणी काढला नाही.

फाल्गुनात हरभरा वाळला, काढणीला आला. पण हंसांनी खुडलेला वरचा पट्टा पुन्हा फुटला होता आणि उशिरा घाट्यांवर आला होता. बाकी सगळं रान पिवळं असताना तो तेवढा हिरवागार. कडूबाईनं त्यातले डहाळे उपटले, बांधावर काटक्या पेटवल्या आणि हिरव्या घाट्यांचा हुळा भाजला. धूर बघून आबासाहेब आले, न बोलावता बसले आणि हात काळे करून घाटे फोडायला लागले. पाण्याकडची जागा तशीच ओसाड होती. तिथं पुन्हा काहीच आलं नाही.

राजेश्रीनं सवयीनं तलावाकडं बघितलं. पाणी पार खाली गेलं होतं आणि त्यावर काहीच नव्हतं.

"गेले कधी हो ते?" तिनं विचारलं. "मला कळलंच न्हाई."

"परवा सकाळी मी बघितले न्हाईत," आबासाहेब म्हणाले.

"परवा न्हाई, त्याच्याबी आधी," बालाजी म्हणाला.

दोघांची त्यावरून बारीक हुज्जत सुरू झाली. कडूबाईनं राखेतून एक मूठ गरम घाटे उचलून राजेश्रीच्या ओंजळीत टाकले. "खा आधी," ती म्हणाली, "निवल्यावर चव राहत न्हाई." राजेश्रीनं एक घाटा फोडला, दाणा तोंडात टाकला, आणि दोघांची हुज्जत ऐकत बसली.